शून्य तासाच्या 40 दिवस आधी

हा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत, पारोळा-एरंडोल-अमळनेरच्या पट्ट्यात, थंडीच्या दिवसांत जे पुन्हा पुन्हा घडतं त्यातून तो जुळवला आहे. माणसाला मुद्दाम नाव दिलेलं नाही. वय 54, पाच एकर रान, त्यात कापूस आणि रब्बीला हरभरा-गहू, दोन मुलं, एक सून. घरचे त्याला नाना म्हणतात. वैद्यकातल्या गोष्टी मात्र जशा आहेत तशाच इथे दिल्या आहेत. मध्ये एक खराखुरा माणूसही येतो. त्याचं शेवटचं वर्ष आकड्यांसह नोंदलेलं आहे, म्हणून त्याला इथे आणलं.

शून्य तास म्हणजे जानेवारीतली एक सकाळ, 6 वाजून 5 मिनिटं. जागा पारोळ्याजवळचं शेत.

8 वर्षं आधी

या वर्षी नक्की काय झालं ते सांगता येत नाही, कारण काहीच झालं नाही. नानांचा रक्तदाब कधीतरी 140/90 च्या वर गेला आणि तिथेच राहिला. डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही. ते मक्ता घेत होते, ट्रॅक्टर चालवत होते, कानबाईच्या मिरवणुकीत नाचत होते. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मले काय व्हयनं? मी ते ठणठणीत शे."

रक्तदाब वाढला की माणसाला ते कळतं, हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा समज आहे. कान गरम होतात, मान धरते, डोळे लाल होतात, राग येतो, म्हणजे बीपी वाढला, असं घरोघरी बोललं जातं. बहुतेकांना प्रत्यक्षात काहीही जाणवत नाही. जगात 30 ते 79 वयाच्या सव्वाशे कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो असल्याची कल्पनाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरच्या पुरुषांपैकी 24 टक्के आणि स्त्रियांपैकी 21.3 टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला तरी होता किंवा तो आवरण्यासाठी त्यांची गोळी तरी चालू होती. साधारण चारांमागे एक. नानांच्या घरात मोठी माणसं पाच.

3 वर्षं आधी, दुपारी 12

बाजार समितीच्या आवारात आरोग्य शिबिर होतं. नाना कापसाच्या गाडीबरोबर आले होते, रांग लहान दिसली म्हणून उभे राहिले. आकडा आला 172/104. डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि पुन्हा मोजलं. 168/102. आठवड्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात परत मोजलं, तेव्हाही तसाच. मग अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम सुरू झालं, रोज एक गोळी. महिन्याभरात आकडा 136/84 वर आला.

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याचा दाब धमन्यांच्या भिंती झेलतात. भिंत आपल्या परीने जुळवून घेते, म्हणजे जाड होते, ताठ होते. मूत्रपिंडातल्या बारीक केशवाहिन्या झिजतात, डोळ्याच्या पडद्यातल्या वाहिन्या अरुंद होतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत फुगते. सर्वांत वाईट अवस्था मेंदूच्या तळाशी होते. तिथल्या मोठ्या धमनीतून केसासारख्या बारीक फांद्या जवळजवळ काटकोनात फुटतात. मोठ्या धमनीतला दाब मध्ये कुठे कमी होण्याआधीच या फांद्यांवर येऊन आदळतो. वर्षानुवर्षं तो झेलल्यावर त्यांची भिंत जागोजागी कुजते, कधी तिला सूक्ष्म फुगे येतात. शार्को आणि बुशार या फ्रेंच वैद्यांनी 1868 मध्ये त्यांचं वर्णन करून ठेवलं आहे.

नानांच्या मेंदूत तोवर पाच वर्षांचं नुकसान झालेलं होतं. गोळीने ते पुसलं नाही, पण पुढचं थांबवलं. वरचा आकडा 10 ने खाली आणला तर पक्षाघाताचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी घटतो, हे 2016 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलं. नानांचा 30 च्या वर उतरला होता. रोजच्या एका लहानशा गोळीचं एवढं काम. सरकारी आरोग्य केंद्रात तिला पैसेही पडत नाहीत.

40 दिवस आधी, संध्याकाळी 6

डिसेंबरचा पहिला आठवडा. पत्त्यातली शेवटची गोळी आदल्या दिवशी संपलेली. नाना गावातल्या दुकानाच्या कट्ट्यावर बसले होते. परवाच कुणाच्या तरी घरच्या यंत्रावर त्यांनी दाब मोजून घेतला होता, 132/82 आला होता. शेजारी बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, नॉर्मल आहे ना, मग गोळी कशाला खाता? दुसरा म्हणाला, एकदा लागली की जन्माची सवय लागते, किडनी खराब होते. तिसऱ्याने लसणाच्या पाकळ्या सांगितल्या. नानांना ते पटलं. पटायला कारणंही होती. वेचणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, कापसाचा भाव उतरला होता आणि आरोग्य केंद्रात जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार.

कट्ट्यावरच्या माणसांचा मला राग येत नाही. ती नानांच्या भल्याचंच बोलत होती. त्यांना एवढंच कुणी नीट सांगितलं नव्हतं की 132/82 हा आकडा नानांचा नव्हता, गोळीचा होता. ताप उतरला की तापाची गोळी थांबवतात, खोकला गेला की बाटली ठेवून देतात, हा आपला औषधाचा अनुभव आहे आणि तो त्या आजारांपुरता बरोबरही आहे. रक्तदाबाची गोळी रोग मुळापासून काढत नाही. ती घेतल्या दिवसापुरती दाब धरून ठेवते. "जन्माची सवय" हा शब्द चुकीचा आहे. गरज आहे ती, आणि ती गोळीमुळे निर्माण झालेली नाही. मूत्रपिंडाचं म्हणाल तर ते खराब होतं ते न आवरलेल्या दाबाने. म्हणजे किडनी वाचवायला जे घ्यायचं तेच किडनीच्या भीतीने सोडलं जातं.

नाना त्या संध्याकाळी घरी आले आणि गोळी बंद झाली. कुणी काही ठरवलं असंही नाही. नवा पत्ता आला नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. अॅम्लोडिपिन शरीरातून हळू उतरतं, निम्मं जायलाच 30 ते 50 तास लागतात. आठवडा-दहा दिवस आकडा हळूहळू वर सरकत राहतो आणि माणसाला मात्र काल होतं तसंच वाटतं. "बघा, गोळी सोडली तरी काही झालं नाही," असं नाना चौथ्या दिवशी म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

इथे घड्याळ थांबवून 1944 मध्ये जायला हवं

मार्च 1944. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं. दाब 186/108, हृदय वाढलेलं, फुफ्फुसांत पाणी साचू लागलेलं. त्याच्या आधीची कित्येक वर्षं त्यांचा आकडा चढतच होता. ब्रुएन यांनी मीठ कमी केलं, सिगारेटी कमी करायला लावल्या, विश्रांती सांगितली, हृदयासाठी डिजिटॅलिस दिलं. दाब उतरवणारं खात्रीचं औषध त्यांच्याकडे नव्हतं, कारण ते जगात कुणाकडेच नव्हतं. वर्ष संपता संपता आकडा 260/150 वर गेला.

12 एप्रिल 1945, जॉर्जियातलं वॉर्म स्प्रिंग्ज. सकाळी उठल्यावर थोडी डोकेदुखी आणि मान आखडलेली. दुपारी एकच्या सुमाराला ते खुर्चीत बसून कागद चाळत होते, समोर चित्रकार त्यांचं व्यक्तिचित्र रंगवत होती. सव्वाच्या आसपास डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर कळ आल्याचं त्यांनी सांगितलं आणि ते कोसळले. ब्रुएन पंधरा मिनिटांत पोचले, तेव्हा दाब 300/190 च्या वर होता. 3 वाजून 35 मिनिटांनी मृत्यू. वय 63. त्यांच्या मुख्य वैद्यांनी तेव्हा सांगितलं की हे अगदी अनपेक्षित होतं. ब्रुएन यांनी पंचवीस वर्षांनी, 1970 मध्ये, सगळे आकडे छापले आणि काय अनपेक्षित होतं आणि काय नव्हतं ते जगाला दिसलं.

रूझवेल्ट गेल्यावर चार वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक निबंध लिहिला. सर्पगंधेची मुळी 50 रुग्णांना देऊन त्यांचा दाब कसा उतरला याची ती मोजदाद होती. आपल्याकडचे वैद्य जी मुळी पिढ्यानपिढ्या वापरत आले, तिला वकिलांनी आकड्यांच्या कसोटीवर उभं केलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ती उचलली. 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे आणखी चांगली, कमी त्रासाची औषधं येत गेली. नाना जी गोळी घेत होते ती त्या वाटेवरची बरीच पुढची.

महायुद्ध चालवणाऱ्या माणसाला जी गोळी मिळू शकली नाही, ती पारोळा तालुक्यातल्या शेतकऱ्याला फुकट मिळत होती. ती 40 दिवसांपूर्वी बंद झाली, म्हणून हा घटनाक्रम लिहावा लागतो.

11 दिवस आधी

गव्हाला पाणी भरताना गुडघा दुखावला. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं, सकाळ-संध्याकाळ चालू. या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, त्याने दाब वाढतो. रक्तदाब असलेल्याने त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. दुकानदाराने विचारलं नाही, नानांनी सांगितलं नाही. गोळी बंद आहे म्हणजे आपल्याला बीपीही नाही, असंच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आदली संध्याकाळ, 7:30

भरीत पार्टी. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि थंडीत हिरवी-पांढरी ताजी वांगी शेतातच कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून खाण्याची जी मजा आहे ती खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. वांगी भाजली, सोलून ठेचली, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे पडले. बरोबर कळण्याची भाकरी, ती पिठातच मीठ घातलेली. ठेचा, लोणचं, उडदाचा पापड, तोंडी लावायला शेव. दोघा-तिघांनी बाटली आणली होती, नानांनीही घेतली. मध्ये मध्ये तंबाखू.

वांग्याचा यात काही दोष नाही, वांगं चांगलंच आहे. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. ठेचा, लोणचं, पापड, शेव आणि खारी भाकरी एका पानात आली की ती मर्यादा त्या एका जेवणातच ओलांडली जाते. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, त्यातही सोडियमच. तंबाखू दर चिमटीला काही मिनिटं दाब चढवतो. दारू दुसऱ्या सकाळी.

आणि थंडी. जानेवारीत धुळ्याचा पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो. गारठ्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि सगळ्यांचाच दाब थोडा चढतो. ज्याचा आधीच चढलेला आहे त्याचाही.

रात्री 11:40

नाना झोपले. निरोगी माणसाचा दाब झोपेत दिवसाच्या मानाने 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो. धमन्यांना विसावा मिळतो तो तेव्हा. बरेच दिवस न आवरलेल्या रक्तदाबात, त्यात मीठ जास्त झालेलं असेल आणि घोरण्याचा त्रास असेल तर, हा उतार कमी होतो किंवा होतच नाही. नाना घोरत होते. घरात त्याची चेष्टा व्हायची.

पहाटे 4:30

या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची. मोटर चालू आहे, बारं बदलायला जायला हवं. मोठा मुलगा म्हणाला, मी जातो. नानांनी ऐकलं नाही. मफलर गुंडाळली, स्वेटर घातला, चहा घेतला, तंबाखू मळला.

उठण्याच्या सुमाराला शरीर आपणहून कॉर्टिसोल आणि अॅड्रेनालिन सोडतं, म्हणून पहाटेपासून दुपारपर्यंत दाब चढता असतो. पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके दिवसाच्या याच भागात जास्त येतात, हे जगभर दिसलेलं आहे. बंद झालेली गोळी, मीठ, गारठा, तंबाखू, दुखण्याची गोळी आणि ही पहाट, सगळं एका तासात एकत्र आलं.

सकाळी 6:05, शून्य

नाना वाकून दंडाची माती फावड्याने ओढत होते. मेंदूच्या डाव्या बाजूला, खोल, एक केसाएवढी धमनी फुटली.

डोक्यात कळ आली. फावडं उजव्या हातातून सुटलं. ते उचलायला हात पुढे गेला नाही. उजवा पाय खालून निघून गेल्यासारखा झाला आणि ते ओल्या सरीत बसले. हाक मारली, पण शब्द जुळले नाहीत. माणसाची भाषा बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असते.

6:25

मुलगा बॅटरी घेऊन आला. नाना चिखलात, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबतोय, बोलायला गेले की नुसता आवाज. ही तीन लक्षणं, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी दुसरा विचार न करता 108 लावायचा असतो. महाराष्ट्रात 2014 पासून ही रुग्णवाहिका मोफत आहे.

मुलाने आधी काकाला फोन लावला.

6:25 ते 7:20

या 55 मिनिटांबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे प्रत्येक जण मदतच करत होता.

काका आले, शेजारी आले. नानांना उचलून घरी नेलं, खाटेवर उताणं टाकलं. कुणी म्हणालं, थंडीने आखडले. नानांच्या बायकोने गरम पाणी पाजायचा प्रयत्न केला, त्यांना ठसका लागला. पक्षाघातात गिळण्यावरचा ताबा जातो आणि तोंडातलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून पाण्याचा घोटही द्यायचा नसतो. एकाने तेल कोमट करून हातापायाला चोळलं. एकाकडे कसलीशी बीपीची गोळी होती, ती जिभेखाली ठेवू म्हणाला. दाब असा घरी एकदम पाडणंही धोक्याचं असतं. कुणाला अॅस्पिरिन आठवली, टीव्हीवर ऐकलेली. छातीत कळ येते तेव्हाचा तो सल्ला. मेंदूत रक्तस्राव असेल तर अॅस्पिरिनने तो वाढतो, आणि गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कुणालाही, डॉक्टरलाही, ओळखता येत नाही. त्याला सीटीस्कॅनच लागतो. लकव्यावर झाडपाला देणाऱ्या एका गावाचंही नाव निघालं. सुदैवाने तिकडे जायला गाडी मिळाली नाही.

करायचं होतं ते एवढंच: कुशीवर वळवायचं, काही पाजायचं नाही, नाना शेवटचे धडधाकट कधी दिसले ती वेळ लक्षात ठेवायची, आणि 108. ती वेळ फार मोलाची असते. गुठळीमुळे झालेला पक्षाघात असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येतं, त्यानंतर सहसा नाही. गुठळीच्या पक्षाघातात मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला. नानांना गुठळी नव्हती, पण 6:25 ला ते कुणालाच माहीत नव्हतं.

रक्तस्रावातही पहिले तास निर्णायकच. रक्त एकदा साचून थांबलं असं होत नाही. साधारण तिघांपैकी एकाच्या मेंदूत पहिल्या काही तासांत गाठ वाढत जाते, आणि दाब चढलेला राहिला तर अधिक. नाना 6:25 ला हुंकार देत होते. 7:20 ला ते झोपाळल्यासारखे झाले. घरच्यांना वाटलं, आराम पडतोय.

7:20

सुनेने 108 लावला. घरात सर्वांत कमी बोलणारी तीच, तिने कुणाला विचारलं नाही.

8:55

तालुक्याला जाऊन, तिथे सलाईन लावून, गाडी धुळ्याच्या वाटेला लागली. पारोळ्याहून धुळे साधारण 35 किलोमीटर, जळगाव त्याहून लांब, रस्ता तोच, जुना 6 नंबरचा आणि आताचा 53. मुक्ती गावाजवळ नानांना उलटी झाली. दाब 228/132.

9:50

सीटीस्कॅन. काळ्या-राखाडी चित्रात डावीकडे पांढरा डाग. 60 मिलिलिटरच्या वर रक्त, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा. कवटीत रिकामी जागा नसते, त्यामुळे तेवढं रक्त मेंदूला बाजूला आणि खाली दाबतं, आणि खाली श्वासाचं केंद्र आहे.

डॉक्टरांनी मुलाला तीन प्रश्न विचारले. बीपी होता का? होता. गोळी चालू होती का? थोडे दिवस झाले बंद होती. शेवटचे नीट कधी दिसले? मुलाने 4:30 सांगितलं, कारण तेव्हा त्याने त्यांना मोटरकडे जाताना पाहिलं होतं.

शिरेतून औषध देऊन दाब उतरवायला सुरुवात झाली. रक्तस्रावाच्या रुग्णाचा वरचा आकडा तासाभरात 140 च्या खाली आणणं आणि त्याबरोबर साखर आणि ताप आवरणं, या एकत्रित उपचाराने बचावणाऱ्यांची स्थिती सुधारते, असं 2023 मध्ये दहा देशांतल्या 7 हजार रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. नानांच्या बाबतीत हे काम 6:05 नंतर जवळजवळ चार तासांनी सुरू होऊ शकलं.

दुपारी 12:15

श्वास अडखळू लागला, नळी घातली. बाहेर व्हरांड्यात नातेवाईक जमले. जो येत होता तो विचारत होता, काल तर भरीत खाल्लं आपण, एकदम कसं काय? मुलगा सांगत होता, अचानक झालं. कट्ट्यावरचे तिघेही आले होते. नानांच्या बायकोला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून परिचारिकेने तिचा दाब पाहिला. 166/100. वय 50, आयुष्यात पहिल्यांदा मोजलेला.

पाचवा दिवस

मेंदूतल्या अशा रक्तस्रावानंतर सुमारे चाळीस टक्के रुग्ण महिन्याभरात दगावतात. गाठ एवढी मोठी आणि शुद्ध इतकी हरपलेली असली तर वाचणारे फारच थोडे. नाना पाचव्या दिवशी पहाटे गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं मेंदूतला रक्तस्राव आणि त्याखाली उच्च रक्तदाब. गोळी कधी बंद झाली ती तारीख लिहायला दाखल्यात रकाना नाही.

माझ्या मते शून्य तास 6:05 नव्हताच. तो 40 दिवसांपूर्वी संध्याकाळी 6 चा होता. त्या संध्याकाळी नानांना वाचवायला न्यूरोसर्जन लागला नसता, सीटीस्कॅन लागला नसता, 35 किलोमीटर लागले नसते. नॉर्मल आकडा गोळीचा असतो, एवढं एक वाक्य ठाऊक असलेला चौथा माणूस कट्ट्यावर लागला असता. 6:05 नंतरच्या सगळ्या धावपळीला आपण उपचार म्हणतो आणि तिच्यावर घरं विकतो. 40 दिवसांपूर्वीच्या त्या पत्त्याला कुणी उपचार म्हणत नाही.

म्हणून वाचणाऱ्याला सांगणं आहे. घरात तिशीच्या पुढचं जे कुणी आहे, स्त्री असो वा पुरुष, त्यांचा दाब या महिन्यात एकदा मोजून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, दंडावर कपडा नको. गावच्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हे मोफत होतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचारालाही पैसे नाहीत. ज्यांची गोळी चालू आहे त्यांचा आकडा नॉर्मल आला तर गोळी चालूच ठेवा. कमी करायची असेल, बदलायची असेल, पाय सुजतात म्हणून नकोशी झाली असेल, तर डॉक्टरला सांगा. दुसरी औषधं आहेत. आणि आज रात्री जेवणाआधी घरातल्या माणसाचा पत्ता हातात घेऊन बघा. चारच गोळ्या उरल्या असतील तर पाचवा दिवस उजाडायच्या आत नवा पत्ता आणा.